न केलेल्या गुन्ह्याची माफी

१

कॉन्व्हेंटात गेलेली किटली भरलेलीच परत आली. वरची सायसुद्धा मोडली नव्हती.

"दारात कुणी नव्हतं काय?" मी शिवानंदला विचारलं. शिवानंद माझा थोरला, मला अव्वा म्हणतो, म्हणजे आई. उचगावात घरोघर दूध तोच घालतो.

"होत्या की. मदर स्वतः आल्या." तो किटलीच्या झाकणाशी चाळा करत होता. "म्हणाल्या, अव्वाला सांगा, आमच्या मनात काही न्हाई. आम्ही माफ केलंय."

"कशाबद्दल?"

"दुधाबद्दल."

मी हातातलं शेण तसंच घेऊन उभी राहिले. मग त्यानं सगळं सांगितलं. आदल्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या सिस्टर सेव्हरिनाची ज्युबिली होती. व्रत घेऊन पन्नास वर्षं झाली म्हणून चॅपेलात मिस्सा झाली, म्हणजे त्यांची मोठी पूजा. मग खीर केली. खिरीचं ताट पुढ्यात असतानाच मदरच्या पोटात ढवळलं, पाठोपाठ सेव्हरिनाला उलट्या सुरू झाल्या. गाडी करून दोघींना कोल्हापुरात दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं? खीर. दूध कुणाचं? आमचं. झालं, विषय संपला. मदर आज सकाळी घरी आल्या, म्हातारी अजून तिथंच सलाइनवर होती.

आमच्या घरचं दूध माझ्या सासूच्या काळापासून बाळंतिणींना जातंय. पाणी घातलं म्हणून कधी कुणी बोट दाखवलं नाही, मग विषारी तर लांबच. दुपारपर्यंत गल्लीतल्या दारांच्या कड्यांना बसस्टँडवरच्या हंबीररावच्या दुधाच्या पिशव्या लटकायला लागल्या. संध्याकाळी सून दानेश्वरीनं मोबाइल दाखवला. गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, 'म्हशीच्या दुधापासून सावध राहा'. खाली हात जोडलेली चित्रं.

"अत्ती, आपण काय लिहू?" तिनं विचारलं.

"लिहून कुणाचं समाधान झालंय?" मी म्हणाले. "माझं लुगडं काढ इस्त्रीचं."

चोर म्हणून पकडलं असतं तर भांडले असते. माफ केलेल्या बाईनं भांडायचं कुणाशी?

२

कॉन्व्हेंट आमच्या गोठ्यापासनं हाकेवर. मुलांनी टाकलेल्या म्हाताऱ्या तिथं राहतात, एका खोलीत दवाखाना, एका खोलीत मुलींचा शिवणवर्ग. सिस्टर चौघीच, पण काम चाळीस जणींचं.

मदर इग्नेशिया मंगळूरकडची. आम्ही दोघी कन्नडात बोलतो. तिचं कन्नड पुस्तकातलं, माझं गोठ्यातलं. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलली, तेव्हाच मी ओळखलं की आता गोड बोलणं ऐकावं लागणार.

"बसा नीलम्माताई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाच्याही हातून होते."

"माझ्या हातून झालेली न्हाई. त्या दिवशी काय काय झालं तेवढं सांगा."

"कशाला ते उगाळायचं? आम्ही प्रार्थनेत तुमचं नाव घेतलंय."

माझा जीव नुसता तडफडला. तरी एकेक करून काढून घेतलं. खीर दोन पातेल्यांत झाली होती. आज्ज्यांची बिनसाखरेची, ती हंबीररावनं ज्युबिलीला फुकट दिलेल्या पिशव्यांची. सिस्टरांची गोड, ती माझ्या दुधाची. आज्ज्या सगळ्या ठणठणीत. फादर मिस्सा आटोपून लगेच हातकणंगल्याला गेले, तिथं दुसरी मिस्सा होती. खिरीला थांबले नाहीत, त्यांनाही काही झालं नाही.

"आणि तुम्ही चौघी?"

"मी आणि सिस्टर सेव्हरिना आजारी पडलो. सिस्टर रेजिना बरी आहे."

"तिनं खाल्ली न्हाई खीर?"

"दोन वाट्या खाल्ल्या."

"मग?"

"देवाची कृपा."

"मग तुमच्यावर का न्हाई झाली कृपा?"

मदर हसली.

"स्वयंपाकघरात कोण कोण आलतं?"

"बनाबाई होती, ती रोजचीच. सिस्टर लिस्मी दवाखान्यासाठी गरम पाणी न्यायला आली असेल. हंबीरराव पिशव्या घेऊन आले होते. पण मी कुणाचं नाव घेत नाहीये हं. आमच्यात दुसऱ्याबद्दल वाईट बोलत नाहीत."

बाहेर सिस्टर रेजिना स्कूटर पुसत होती. ही आजऱ्याची, बोलायला आपल्यासारखीच. दोन वाट्या खाऊन धडधाकट, फक्त नाक गळत होतं. रुमाल नाकाला लावूनच ती म्हणाली, "या आज्जी. शिंकतेय, लांबच बसा. ज्युबिलीच्या आधीपासनं धरलंय."

"बाई, तू आपल्या भागातली. तुला काय वाटतंय ते तरी सांग."

"वाटून काय उपयोग? दुसऱ्याचं बोलायचं न्हाई, असं हाय आमच्यात."

"मग तुमच्यात कळतं तरी कसं काय चाललंय ते?"

"न्हाई कळत," ती म्हणाली, आणि परत शिंकली.

जिथं कुणी चुगली करत नाही तिथं शोध लावायचा कसा? आमच्या गल्लीत असतं तर चहा होईपर्यंत निकाल लागला असता. मी उठून मागच्या दाराकडं वळले. स्वयंपाकीण बनाबाई दारात भाजी निवडत होती. मला बघितलं, सूप उचललं, आत गेली आणि कडी घातली.

३

बनाबाईला जरा शिजू द्यावं म्हणून मी आधी हंबीररावकडं गेले. बसस्टँडजवळ त्याचं दुकान, बाहेर मोठा फ्रीज, त्यावर गाईचं चित्र. गाय इंग्लंडातली असावी, आपल्याकडं तसली हसत नाही.

"या नीलम्माक्का," तो म्हणाला. "पावणं म्हणून आलाय का गिऱ्हाईक म्हणून?"

"गिऱ्हाईक व्हायची वेळ तुझ्यावर यायची. कॉन्व्हेंटाच्या स्वयंपाकघरात तू काय करत होतास?"

"पुण्य. फुकट दूध दिलं."

"तू फुकट तर सर्दीसुद्धा देणार न्हाईस."

दुकानातली दोन माणसं हसली. त्याला ते लागलं. "आक्का, मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं न्हाई. पिशव्या बनाबाईच्या हातात दिल्या, माघारी फिरलो. विचारा तिला. मला तुमचं गिऱ्हाईक पायजे, व्हय, ते कबूल. पण त्यासाठी सिस्टरांना काय घालीन? माझ्या आईचा पाय त्या पोरीनं वाचवलाय, त्या लिस्मीनं. साखरेनं सडत होता, रोज पट्टी करती."

खोटं बोलताना हंबीरराव गळ्यातल्या चेनीला हात लावतो, हे मी त्याच्या लहानपणापासून बघतेय. हात खालीच होता. मला त्याचाच राग आला. गुन्हेगार म्हणून हा इतका चपखल बसत होता.

मी चपला घालायला लागले तसा तो हळूच म्हणाला, "नंतर आईला पट्टीला सोडायला परत गेलतो. दुकान उघडं होतं, म्हणून मागच्या वाटेनं निघालो. बनाबाई लुगड्याखाली डबा झाकून तिकडंच पळत होती. जेवणं चालू असताना. त्या वाड्यात मी एकटाच वाईट हाय, असं धरून चालू नका."

४

बनाबाई ओढ्याच्या कडेला राहते. मी गेले तेव्हा नातीच्या केसांना तेल लावत होती. मला बघून तेलाची वाटी कलंडली.

"कडी घालायची असंल तर घाल," मी म्हणाले. "मी बाहेर बसून बोलीन. मग सगळ्या वाडीला ऐकू जाईल."

"नीलम्माक्का, आत या."

आत जाऊन मी पाट ओढला. "डब्यात काय होतं?"

ती रडायलाच लागली. मला रडणारी माणसं चालत नाहीत. वेळ जातो आणि नाक पुसल्यावर परत पहिल्यापासून सांगतात. शेवटी निघालं ते एवढंच. गोड खिरीचं पातेलं तिनं आधीच डब्यात खरवडून घेतलं होतं, नातीसाठी. नातीनं खाल्ली, तिनं खाल्ली, शेजारणीच्या पोरानंही बोट लावलं.

"आणि काय झालं?"

"काय व्हायचंय? चाटून पुसून खाल्ली. वेलदोडे चांगले पडले होते."

माझ्या अंगावरनं डोंगर उतरला. माझं दूध स्वच्छ होतं. साक्षीदार माझ्यासमोर बसला होता, आणि त्या पोरीच्या गालाला अजून तेल लागलेलं होतं.

"ऊठ. चल मदरकडं. हे सांग."

"न्हाई हो. न विचारता नेली म्हणून कामावरनं काढतील."

"मदर माफ करंल की. त्यांना तेवढंच येतंय."

"माफ करतील, म्हणून तर न्हाई जायचं," बनाबाई म्हणाली. "मग रोज त्यांच्या तोंडाकडं बघून भाकऱ्या थापायच्या कशा?"

दोन दिवसांत मलाही तेच तर होत होतं.

"बरं, तुझं नाव घेत न्हाई. पण मग विष आलं कुठनं? पाण्यातनं?"

"पाणी आज्ज्यांना पण तेच." ती घुटमळली. "अजून एक हाय. पण मी सांगितलं म्हणू नका. लिस्मी सिस्टर पण ओकत होत्या. दवाखान्याच्या मागं, एकट्या. मला बघून बोट ओठावर ठेवलं."

"मग तिनंपण खीर खाल्ली असंल."

"तीच तर गंमत हाय, आक्का. त्यांना दूध सोसत न्हाई. त्यांनी खिरीला हातच लावला न्हाई."

५

सिस्टर लिस्मी केरळची, वयानं माझ्या धाकट्या नातीएवढी. मी गेले तेव्हा ती खाली बसून एका म्हातारीच्या पायाची जखम धूत होती. वास असा की मी पदर नाकाला लावला. ती पोरगी मात्र त्या पायाशी असं काही पुटपुटत होती, जसं तान्ह्या लेकराशी बोलावं.

"सिस्टर, ज्युबिलीदिवशी तुम्ही आजारी होता, ते लपवलंत."

तिचा हात थांबला नाही. "कोण सांगितला?"

"म्हशीनं. लपवलंत का?"

"मदर, सिस्टर सेव्हरिना दोघी हॉस्पिटलला. मी पण गेली तर आज्ज्यांना कोण बघेल? सिस्टर रेजिनाला इंजेक्शन येत नाही." मग खालच्या आवाजात, "मदरना सांगू नका. लपवला म्हणून मला कन्फेशनला फादरना सांगावा लागेल."

यांच्या घरात प्रत्येकीनं चांगुलपणापायी काहीतरी दडवलेलं. असल्या चांगुलपणानं माझा गोठा बसणार होता.

"मी कुणाला सांगत न्हाई. पण मला सांगा, उठल्यापासून तोंडात काय काय घातलंत? एकूण एक."

तिनं खरंच आठवून बघितलं. "काही नाही. मिस्सेच्या आधी आम्ही खात नाही. मग डायनिंगला काळी कॉफी. दोन घोट घेतला आणि पोटात कसा तरी झाला."

"कॉफी बाकीच्यांनी घेतली?"

"सिस्टर रेजिना पण घेतली. तिला काही झाला नाही."

"ओकलात तेव्हा तोंडाला चव कसली होती?"

पहिल्यांदाच तिनं वर बघितलं. "जुना भांडा चाटल्यासारखी. कॉफीच्या आधीपासून होती. मी म्हटला, रात्री झोप नाही म्हणून."

मी परत मदरकडं गेले, तिलाही विचारलं. मिस्सेआधी काही नाही, मग खीर, एवढंच. तोंडाची चव? कडवट, धातूसारखी, व्हय. रेजिनालाही विचारलं. मिस्सेआधी काही नाही, मग कॉफी, दोन वाट्या खीर. चव? सर्दीमुळं कशालाच चव नव्हती.

घरी येऊन दानेश्वरीला सांगितलं, "जिनं दोन वाट्या खाल्ल्या ती बरी. जिनं खाल्लीच न्हाई ती आजारी. असलं दूध काढणारी म्हैस अजून जन्माला यायची हाय." आणि कढईचं झाकण इतक्या जोरात टाकलं की नातू झोपेतनं उठला.

६

दोन दिवस असेच गेले. अजून चार घरांचं दूध तुटलं. शेवटी शिवानंदचंही तोंड सुटलं. "अव्वा, मदरना म्हणू या की चूक झाली. माफ केलंयच त्यांनी. गल्ली विसरंल."

"तुझ्या आज्जीनं या दुधावर घर बांधलं," मी म्हणाले. "न झालेली चूक मी कबूल केली, तर तिच्या समाधीपुढं कुठल्या तोंडानं बसू?"

सोमवारी आमच्याकडं पूजा असते. जंगमस्वामी आले, पूजा झाली, आम्ही सगळ्यांनी ओंजळीत तीर्थ घेतलं. आमच्यात पादोदक म्हणतात. ते होतंय तोवर रक्त घेणारा पोरगा दारात. माझ्या साखरेची तपासणी असते, उपाशीपोटी.

"आज्जी, सकाळपासून काही खाल्लं, प्यालं?"

"काही न्हाई," मी म्हणाले आणि हात पुढं केला.

"अत्ती, तीर्थ घेतलं की आता," दानेश्वरी म्हणाली.

"अगं, ते काय पिणं हाय व्हय?"

पोरानं सुई टोचली. मला कळलंसुद्धा नाही. मी माझ्याच तोंडातनं बाहेर पडलेल्या शब्दाकडं बघत बसले होते. मी खोटं बोलले नव्हते. तीर्थ पिण्यात धरतच नाही कुणी. पाणी घशाखाली गेलं होतं तरी मी शपथेवर सांगितलं असतं की काही प्यायले नाही.

"दाने," मी म्हणाले, "त्या सिस्टरांच्यात तीर्थ असतं काय गं?"

"मला काय ठाऊक? बनाबाईला विचारा."

"बनाबाईला न्हाई. हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं."

७

म्हातारी सेव्हरिना दवाखान्यातनं त्याच दिवशी परत आली होती. मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. मदर नाही म्हणत होती, पण मी खुर्ची दाराला लावून बसले. सेव्हरिना गोव्याची, म्हापशाकडची. अंगानं काटकी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी चॅपेलचं काम कुणाला देत नाही.

"मला एकच विचारायचंय," मी म्हणाले. "मिस्सेत तुम्ही तीर्थ घेता काय?"

मदर म्हणाली, "ख्रिस्तप्रसाद. भाकरीचा. रोज घेतो. आज्ज्याही घेतात."

"नुसती भाकरी?"

रेजिनानं रुमाल खाली घेतला. "सणाला पेल्यातनं पण घेतो," ती म्हणाली. "द्राक्षारस. ज्युबिलीला घेतला."

"तू घेतलास?"

"न्हाई. सर्दी होती. एकाच पेल्याला सगळ्यांची तोंडं लागतात, म्हणून मी सोडला."

"आज्ज्यांनी?"

"त्यांना भाकरीचाच देतात."

"फादरनी?"

"त्यांचा पेला वेगळा, त्यांच्यासोबत असतो. आमचा दुसरा."

"मग या दुसऱ्या पेल्यातनं कोण कोण प्यालं?"

मी बोटांवर मोजलं. मदर, सेव्हरिना, लिस्मी. ज्या तिघी ओकल्या त्याच.

"सिस्टर लिस्मी, मी तुम्हाला विचारलं होतं, एकूण एक सांगा म्हणून."

ती पोरगी भांबावली. "पण तो प्यायचा नाही आज्जी. तो प्रभूचा..." पुढं तिला मराठी सापडेना.

"ठाऊक हाय. मीपण आज तेच केलं. म्हणून तर कळलं."

मदरचा चेहरा पांढरा पडला होता. लिस्मीनं अजून आजार कबूल केला नव्हता, पण आता तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी म्हणाले, "पेला दाखवा."

सेव्हरिना उठली, भिंत चाचपत गेली, पेला घेऊन आली. पदरात लेकरू धरावं तसा धरला होता. "पप्पानं दिलेला, बाय. व्रत घेतलं तेव्हा. पेला बघितला की तोच आठवतो मला. इतकी वर्षं कपाटात होता, काळा पडलेला. ज्युबिलीला म्हटलं, हाच काढू. किती घासला ठाऊक आहे? चिंच आणि मीठ. बाहेरनं, आतनं. बोटाला गुळगुळीत लागेस्तोवर."

मी पेला खिडकीपाशी नेला. बाहेरच्या नक्षीत अजून कुठं कुठं सोनेरी होतं. आतनं मात्र मुलामा गेलेला, उघडं पितळ, नवीन घासलेल्या घागरीसारखं.

"आणि रस कधी ओतला?"

"आदल्या रात्री. सकाळी माझे हात कापतात बाय, सांडलं असतं. झाकून ठेवला, सगळं नीट केलं."

"रेजिना," मी म्हणाले, "तुझ्या आईनं कल्हई नसलेल्या पितळेत रात्रभर ताक ठेवलं असतं तर?"

"कळकलं असतं, पितळ उतरलं असतं त्यात," रेजिना म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. "पेला पुसायचं पांढरं फडकं. त्याला हिरवा डाग पडलाय, किती धुतला तरी जाईना. मला वाटलं शेवाळ."

मदर सावकाश बोलली. "पेल्याला आतून सोनं पाहिजे असा आमचा नियम आहे. मी शिकवलाय तो मुलींना. तो कशासाठी असेल याचा कधी विचार केला नाही. आणि त्या दिवशी आत बघितलंही नाही. कोण बघतं?"

लिस्मी रडकुंडीला आली होती. "पण मदर, प्रभूचा रक्त कसा..."

"भांडं, सिस्टर," मदर म्हणाली. "भांड्यानं केलं."

सेव्हरिना पेल्यासाठी हात पुढं करून उभी होती. मी तो तिच्या हातात दिला. तिनं आत अंगठा फिरवला आणि खाली बसली.

"आता हे गावात सांगा," मी मदरला म्हणाले.

८

मदर मला व्हरांड्यात घेऊन आली. आता कन्नडात बोलायला लागली, म्हणजे मागणी मोठी होती.

"नीलम्मा, उद्यापासून तुमचं दूध सुरू. दुप्पट घेऊ. पण बाहेर बोलू नका. पन्नास वर्षं तिनं त्या चॅपेलची सेवा केलीये. ज्युबिलीच्या दिवशी तिच्याच हातानं हे झालं, हे गल्लीत कळलं तर ती मरेल. आणि लोक काय म्हणतील? कॉन्व्हेंटात दारू पितात. ग्रुपवर येईल. आज्ज्यांची मुलं येऊन भांडतील, शिवणवर्गाला कोण मुली पाठवेल?"

"आणि माझं?"

"देव बघतोय."

"देव दूध विकत घेत न्हाई, मदर."

तिनं हात जोडले. ती खोटं बोलत नव्हती. ग्रुपवर तसंच आलं असतं. पहिला हंबीररावच टाकणार, आईच्या पायाची पट्टी सुटेपर्यंत थांबून. मी काही कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. चपला घातल्या आणि निघाले.

घरी येऊन मी तेवढं शिवानंदला सांगितलं. इतके दिवस ठाऊक नव्हतं म्हणून जळत होते. आता ठाऊक झालं आणि तोंडाला कुलूप. खरं सापडलं की मोकळं वाटतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या जागी एक रात्र काढावी. शिवानंद दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "अव्वा, सांगून टाक की. आपलं काय खोटं हाय?"

"खोटं न्हाई म्हणूनच अवघड हाय," मी म्हणाले. मला त्या म्हातारीचा पेल्यात फिरणारा अंगठा दिसत होता, आणि त्याचाही मला राग येत होता.

सकाळी धारा काढून झाल्या. पूर्वी या वेळेला आमच्या दारात भांड्यांची रांग लागायची. आता ओळखीच्या तीन-चार बायका, त्याही उपकार केल्यासारख्या. समोरच्या कट्ट्यावर पेपर वाचणारी माणसं, आणि हंबीरराव मोटरसायकलवरनं पिशव्या वाटत चाललेला.

गल्लीच्या तोंडाशी काठी टेकत पांढरा झगा दिसला. सेव्हरिना. सोबत कुणी नाही. डोळ्यांनी धड दिसत नाही, ती म्हातारी गटाराच्या कडेनं वाट काढत आली आणि आमच्या दारासमोर थांबली.

"नीलम्माबाय हाय काय?"

"हाय. आत या."

"आत नको." ती वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. शिवणवर्गाच्या पोरींना ओरडते त्याच आवाजात. "मी सिस्टर सेव्हरिना. आम्ही आजारी पडलो ते हिच्या दुधानं नाही. मी पितळेचा पेला घासून त्याचा मुलामा घालवला, त्यात रात्रभर मिस्सेचा द्राक्षारस ठेवला. तो कळकला. आम्ही प्यालो. माझ्या हातानं झालं."

बायकांना एका क्षणात समजलं. कळकलेलं कुणी खाल्लेलं नाही? भागव्वा तर म्हणाली, "अगं बाई, आमच्या धाकटीच्या बारशात अशीच आमटी..." आणि पुढची गोष्ट सांगायलाच लागली.

हंबीररावनं गाडी बंद केली. "द्राक्षारस म्हणजे दारू काय, सिस्टर?"

"व्हय," सेव्हरिना म्हणाली. "घोटभर. देवाची. तुझ्या आईचा पाय कसा आहे?"

कट्ट्यावरचं कुणीतरी फिसकन हसलं. हंबीररावनं किक मारली, पण गाडी काही लगेच सुरू झाली नाही.

मग ती माझ्याकडं वळली. काठी दोन्ही हातांनी धरलेली. "बाय, मला माफ कर."

मी रात्रभर मनात किती बोलले होते. मदरला, गल्लीला, ग्रुपला. त्यातला एक शब्द वापरायला मिळाला नाही. सगळं हिनंच बोलून टाकलं होतं आणि माझ्यासाठी माफी तेवढी शिल्लक ठेवली होती.

"माफबिफ मला जमत न्हाई," मी म्हणाले. "ते तुमच्यातलं. चालून आलाय, बसा. दूध गरम करून देते."

"गरम नको," सेव्हरिना म्हणाली. "गरम होईपर्यंत लोक जातील."

मी धारोष्णच भांडं भरून तिच्या हातात दिलं. तिनं ते गल्लीकडं तोंड करून, एका दमात, तळापर्यंत संपवलं.